विश्लेषण : वितळत्या बर्फाला काचेत पकडणारे तापिओ विर्क्काला कोण होते? संग्राहकांना त्यांची काच आजही का हवी असते?

पेल्याच्या बाहेरून बर्फ वितळून ओघळतो आहे, असा भास होतो. हात लावला की कळते, ती काचच आहे. ‘उल्तिमा थुले’ या नावाने जगभर पोहोचलेल्या या पेल्यामागे फिनलंडचे शिल्पकार तापिओ विर्क्काला होते. विसाव्या शतकाच्या मध्यातील स्कँडिनेव्हियन कलाकाच जमवणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव हमखास वरच्या क्रमांकावर असते.

सुरुवात कशी झाली?

विर्क्काला यांचा जन्म 1915 मध्ये हांको या बंदराच्या गावी झाला. हेलसिंकीत ते शिल्पकला शिकले. 1945 मध्ये सिरॅमिक कलाकार रुत ब्रिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी ईत्ताला या काच कारखान्याच्या स्पर्धेत त्यांनी बाजी मारली आणि काचेशी त्यांचे आयुष्यभराचे नाते जुळले. त्याच काळातली त्यांची ‘कांतारेल्ली’ ही फुलदाणी रानात उगवणाऱ्या अळंबीच्या आकाराची आहे. पातळ, बाहेर वळलेली कड आणि अंगावर कोरलेल्या बारीक उभ्या रेषा, ही तिची ओळख.

काचेचा देशाशी काय संबंध?

दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या फिनलंडला सोव्हिएत संघाला भरपाई द्यावी लागत होती. ती 1952 मध्ये फिटली. खंगलेल्या या छोट्या देशाला जगापुढे स्वतःची वेगळी ओळख हवी होती. 1951 च्या मिलान त्रिएनाले प्रदर्शनात विर्क्काला यांनी तीन सर्वोच्च पुरस्कार पटकावले, 1954 मध्ये पुन्हा तीन. फिनिश डिझाइन हा शब्दप्रयोग रुजण्यात या यशाचा मोठा वाटा होता. 1955 च्या मालिकेतील फिनलंडच्या नोटाही त्यांनीच आखल्या होत्या.

त्यांची पद्धत वेगळी कशी?

ते केवळ कागदावर आराखडा काढून थांबत नसत, साचेही स्वतः कोरत. ‘तापिओ’ पेल्याच्या दांड्यात हवेचा एक बुडबुडा असतो. तप्त काचेत ओली काठी खुपसली की पाण्याची वाफ होते आणि तीच हा बुडबुडा तयार करते. लॅपलंडमधील इनारी भागात ते उन्हाळा घालवत. तिथले तलाव, बर्फ, शेवाळ आणि झाडांच्या साली त्यांच्या कामात दिसतात. 1968 च्या ‘उल्तिमा थुले’साठी साच्याच्या आतला पृष्ठभाग खडबडीत कोरला गेला. फुंकून तंत्र जमेपर्यंत कारागिरांचे हजारो तास खर्ची पडले. पुढे फिनएअरच्या न्यूयॉर्क विमानांत हेच पेले प्रवाशांच्या हाती आले.

संग्राहक नेमके काय पाहतात?

कलाकाचेच्या तळाशी बहुधा विर्क्काला यांचे नाव आणि मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. ‘कांतारेल्ली’च्या एका प्रकाराचा क्रमांक 3280 आहे. पण सही नंतरही कोरता येते. म्हणून जाणकार वजन, काचेचा रंग, रेषांची सफाई आणि तळ घासला गेल्याच्या खुणा तपासतात. कड उडालेली असेल किंवा टवका लपवण्यासाठी ती घासून लहान केलेली असेल, तर किंमत घसरते. रोजच्या वापरासाठी मोठ्या संख्येने बनलेले पेले तुलनेने सहज मिळतात. मोजक्या संख्येत फुंकलेल्या जुन्या फुलदाण्या मात्र दुर्मीळ आहेत.

मागे काय उरले?

विर्क्काला यांनी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील वेनिनीसाठी रंगीत काच, जर्मनीच्या रोझेंथालसाठी पोर्सेलिन आणि फिनिश हॅकमनसाठी सुरीही घडवली. 1985 मध्ये त्यांचे निधन झाले. तळावर नाव त्यांचेच असते. भट्टीसमोर उभे राहून ती काच फुंकणाऱ्यांचे नाव तिथे नसते. विर्क्काला यांची काच हाती घेताना आपण त्या अनाम कारागिरांचेही काम हाती घेत असतो.