गणितसारसंग्रहकार श्री महावीराचार्य

जैन आगमपरंपरेत गणित हे ज्ञानसाधनेचे एक अंग मानले गेले आहे. करणानुयोगाचा अभ्यास करताना लोकाची रचना व काळाचे मान समजण्यासाठी प्रचंड संख्यांशी गाठ पडते. या परंपरेतून इ.स. ८५० च्या सुमारास एक थोर गणिती उदयास आले, ते म्हणजे महावीराचार्य. नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये; भगवान महावीर व हे आचार्य यांच्यात जवळजवळ चौदा शतकांचे अंतर आहे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. महाराष्ट्राचा मोठा भागही त्यांच्याच सत्तेखाली होता. विद्या व जैन धर्म यांना उदार आश्रय देणाऱ्या या राजाच्या काळात आचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तोवर गणित बहुधा ज्योतिषग्रंथांतील एखाद्या अध्यायापुरते असे. आचार्यांनी नऊ अधिकारांचा संपूर्ण ग्रंथ केवळ गणितालाच वाहिला. संख्यांची चोवीस स्थाने त्यांनी नावांसह दिली. शेवटचे स्थान ‘महाक्षोभ’.

गुणाकाराची उदाहरणे देताना त्यांनी संख्यांचे जणू कंठहारच गुंफले. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ ही अकरा अंकी संख्या येते. एकपासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकपर्यंत उतरणारी ही संख्या दोन्ही टोकांकडून सारखीच वाचली जाते. ती सहा एकांच्या ११११११ चा वर्ग आहे.