आंदणात आलेली कला : बडोद्याच्या कांतिमतीबाई

१८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाई महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राणी होऊन बडोद्यात आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्यांच्या आंदणात नर्तकी होत्या, त्यांचे नृत्यगुरू म्हणजे नट्टुवनारही होते. कांतिमती आणि गौरा या त्यांपैकी दोन नर्तकी. अवघ्या पाच वर्षांत राणीसाहेब निवर्तल्या. ज्यांच्यासोबत त्या आल्या, त्यांचाच आधार तुटला. तरीही दोघी बडोद्यातच राहिल्या.

संस्थानच्या कलावंत कारखान्यात त्यांची नेमणूक होती. ‘कलावंत’ या शब्दामागचा मान आणि अवहेलना गोमंतकीयांना निराळी सांगायला नको. त्यांचे नृत्य सदिर, म्हणजेच आजच्या भरतनाट्यमचे पूर्वरूप. वादक बैठक मारून नव्हे, तर नर्तकीच्या पाठीशी उभे राहून तिच्याबरोबर मागेपुढे सरकत. पतंग उडविण्याचा अभिनय असलेले पतंगनृत्य हे बडोद्याच्या या परंपरेचे खास अंग होते.

पुढे संस्थान विलीन झाले, दरबार संपला. मात्र कांतिमतीबाईंच्याच घरातील कुबेरनाथ तंजोरकर यांनी ही विद्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकविली. आंदणाच्या यादीत गणल्या गेलेल्या स्त्रियांनी शहराला दिलेला हा वारसा कोणत्याही दागिन्याहून अधिक टिकला.