ट्रकला कणा देणारा अभियंता

दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पिनाक रॉकेटांचे प्रक्षेपक दिमाखात पुढे सरकतात, तेव्हा प्रेक्षकांची नजर साहजिकच रॉकेटांच्या नळ्यांवर खिळते. पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेली ही प्रणाली १९९९ च्या कारगिल युद्धात प्रत्यक्ष वापरली गेली. मात्र या नळ्या ज्याच्या पाठीवर बसवलेल्या असतात, त्या आठ चाकी ट्रककडे फारसे कोणी पाहत नाही. हा ट्रक टाट्रा जातीचा आहे. (आपल्या टाटांशी या नावाचा काही संबंध नाही, ते मध्य युरोपातील टाट्रा पर्वतावरून पडले आहे.) खडकाळ, उंचसखल वाटेवरूनही हा ट्रक पाठीवरचा बोजा फारसा पिळवटू न देता चालतो. त्यामागची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची असून ती हान्स लेडविंका या ऑस्ट्रियन अभियंत्याची आहे.

लेडविंका यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८७८ रोजी व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथे झाला. कारागिरीचे आणि तांत्रिक विद्यालयाचे शिक्षण संपवून १८९७ साली ते मोराव्हियातील नेसेल्सडॉर्फ या गावी रेल्वेचे डबे बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागले. हेच आजच्या झेक प्रजासत्ताकातील कोप्रिव्हनित्से. त्याच वर्षी या कारखान्याने बेंझचे इंजिन बसवून ‘प्रेसिडेंट’ ही आपली पहिली मोटार तयार केली आणि १८९८ साली पहिला मालवाहू ट्रकही बनविला. विशीतल्या लेडविंकांना मोटार या नव्या यंत्राचे बाळपण असे जवळून पाहायला मिळाले. मधली काही वर्षे ते वाफेवर चालणाऱ्या मोटारींच्या नादी लागून व्हिएन्नाला गेले, पण वाफेचा काळ सरत आल्याचे ओळखून १९०५ साली नेसेल्सडॉर्फला परतले.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला या कारखान्याने दोन आणि चार टनी ट्रक पुरविले. त्या काळचा लष्करी ट्रक म्हणजे बैलगाडीचाच सांगाडा, फक्त त्यावर इंजिन चढविलेले. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि खाली कमानींवर टेकविलेले अखंड आस. सपाट सडकेवर हे ठीक चाले. एक चाक खड्ड्यात गेले की मात्र संपूर्ण आस तिरका होई, सांगाडा पिळवटे आणि कालांतराने त्याचे सांधे खिळखिळे होत. रणभूमीवर सडक नसते, खड्डेच असतात. युद्ध चालू असतानाच लेडविंका श्टायर येथील प्रसिद्ध शस्त्रकारखान्यात मोटार विभागाचे मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी साध्या, स्वस्त, लहान मोटारीची कल्पना मांडली, पण व्यवस्थापनाला ती रुचली नाही.

१९२१ साली ते पुन्हा कोप्रिव्हनित्सेला आले, तोवर साम्राज्य लयाला जाऊन चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र उदयाला आले होते आणि कारखान्याचे नाव टाट्रा झाले होते. येथे त्यांना मोकळीक मिळाली. १९२३ साली ‘टाट्रा ११’ ही छोटी मोटार बाहेर पडली. जेमतेम एक लिटरचे, दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन आणि सुमारे १२ अश्वशक्ती, इतकाच तिचा जोर. पण तिच्या पोटाखाली डोकावणाऱ्या जाणकारांना नेहमीच्या दोन पट्ट्या दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी मधोमध एक जाड पोलादी नळी होती.

ही नळी म्हणजे गाडीचा कणा. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा दांडा या नळीच्या आत फिरतो, त्यामुळे त्याला चिखल, पाणी, दगड यांचा उपद्रव नाही. आसही अखंड नाही. डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन अर्धे आस या नळीच्या दोन बाजूंना बरगड्यांसारखे जोडलेले असून प्रत्येक आपापला वर-खाली झुलतो. एक चाक दगडावर चढले तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते आणि गोल नळी पिळवटायला मुळातच कठीण असल्याने वरचा सांगाडा शांत राहतो. कणा तुकड्यातुकड्यांनी जोडता येतो, म्हणून चार चाकांची गाडी सहा, आठ किंवा बारा चाकांची करायची तर त्याच कण्याला आणखी एक तुकडा आणि आणखी बरगड्या जोडायच्या. रिकामा टाट्रा ट्रक समोरून पाहिला तर त्याची चाके वरून बाहेर झुकलेली, जणू गुडघे जुळवून उभी असल्यासारखी दिसतात. माल भरला की ती सरळ होतात. नवख्याला वाटते, गाडी मोडली आहे.

या रचनेत दोष नव्हते असे नाही. वेगात वळण घेताना झुलत्या आसांच्या मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका असे आणि लेडविंकांच्या पुढच्या वेगवान मोटारींना या दोषाने बदनामही केले. ट्रक मात्र शर्यतीत धावत नाही. १९२६ साली सहा चाकी ‘टाट्रा २६’ आला, त्यापाठोपाठ १९३३ पासून लष्करासाठी ‘टाट्रा ७२’ बनू लागला. फ्रान्सच्या लॉरेन कंपनीनेही परवाना घेऊन तो तयार केला. पुढे ‘८२’ आणि हवेने थंड होणाऱ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा ‘९२’ हे ट्रक चेकोस्लोव्हाक सैन्यात दाखल झाले. याच काळात, १९३४ साली, ‘टाट्रा ७७’ या मागे इंजिन असलेल्या, वारा कापीत जाणाऱ्या आकाराच्या मोटारीने लेडविंकांना युरोपभर कीर्ती मिळवून दिली. हिटलरलाही टाट्रा मोटारी आवडत. पुढे फर्डिनांड पोर्शे यांनी घडविलेल्या जर्मन लोकमोटारीवर, म्हणजे नंतरच्या फोक्सवॅगन बीटलवर, आपल्या स्वामित्वहक्कांचा भंग केल्याचा दावा टाट्राने लावला.

दाव्याचा निकाल रणगाड्यांनी लावला. १९३८ च्या ऑक्टोबरात म्युनिक करारानंतर कोप्रिव्हनित्से जर्मनीत गेले आणि वाद बासनात बांधला गेला. जर्मन सैन्याने मोटारींच्या प्रकारांत काटछाट आरंभली होती. कर्नल फॉन शेल यांच्या योजनेत ट्रकचे ११४ प्रकार १९ वर आणायचे ठरले. टाट्राच्या वाट्याला साडेसहा टनी जड ट्रक आला. त्यातूनच १९४२ साली ‘टाट्रा १११’ उभा राहिला. तीन आस, तोच नळीचा कणा आणि १४.८ लिटरचे, बारा सिलिंडरचे डिझेल इंजिन, तेही हवेने थंड होणारे. एवढे मोठे डिझेल इंजिन पाण्यावाचून थंड राखणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. रेडिएटरच नसल्याने वाळवंटात पाणी उकळण्याची आणि हिमात ते गोठण्याची भीती संपली. याच घराण्यातील इंजिन जर्मनीच्या ‘पूमा’ या चिलखती गाडीलाही बसविण्यात आले. आफ्रिकेच्या उष्णतेचा विचार करून त्याची मागणी नोंदविली गेली होती, पण गाड्या तयार होईतो आफ्रिकेतले युद्ध संपून गेले होते.

लेडविंका या सर्व काळात कारखान्याचे तांत्रिक प्रमुख होते. जर्मन भाषक ऑस्ट्रियन, परक्या सत्तेच्या सैन्यासाठी ट्रक घडविणारा अधिकारी, ही त्यांची ओळख १९४५ नंतरच्या चेकोस्लोव्हाकियात पुसता येण्याजोगी नव्हती. आक्रमकांशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि सत्तरीकडे झुकलेला हा माणूस सुमारे सहा वर्षे तुरुंगात राहिला. त्यांनी तो कारखाना सोडला असता तर काय झाले असते, याचे उत्तर सोपे नाही. पण जर्मन युद्धयंत्रणेला त्यांच्या बुद्धीचा लाभ झाला, हेही नाकारता येत नाही. विसंगती अशी की, आरोपी गजाआड असताना आरोपाचा पुरावा असलेला ट्रक मात्र नव्या राजवटीने मोठ्या आनंदाने चालू ठेवला. ‘टाट्रा १११’ ने उद्ध्वस्त देशाच्या उभारणीत माल वाहिला, तो सोव्हिएत संघात थेट सैबेरियापर्यंत गेला. १९६२ पर्यंत तो बनत राहिला आणि ३३ हजारांहून अधिक ट्रक रस्त्यावर आले.

१९५१ साली सुटका झाल्यावर लेडविंका कोप्रिव्हनित्सेला परत गेले नाहीत. ऑस्ट्रियामार्गे ते म्युनिकला स्थायिक झाले. फोक्सवॅगनने साठच्या दशकात जुन्या दाव्यात न्यायालयाबाहेर तडजोड केली, तीही टाट्राच्या पूर्वीच्या मालकांशी, रिंगहोफर घराण्याशी. २ मार्च १९६७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी कोप्रिव्हनित्सेत ‘टाट्रा ८१३’ या आठ चाकी लष्करी ट्रकचे उत्पादन सुरू झाले आणि १९८३ पासून ‘८१५’ ने त्याची जागा घेतली. १९८६ साली भारताच्या बीईएमएल या सरकारी कंपनीने चेकोस्लोव्हाकियाशी करार केला, तो याच मालिकेतील ट्रकसाठी. सैन्याला हजारो ट्रक मिळाले. पृथ्वी आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपकही त्यांच्यावर बसविण्यात आले. डाव्या हाताचे स्टिअरिंग आणि खरेदीव्यवहार यांवरून २०१२ साली संसदेत गदारोळ झाला, परंतु तो वाद व्यवहाराचा होता, कण्याचा नव्हे. तिकडे ऑस्ट्रियात लेडविंकांचे चिरंजीव एरिक यांनी ग्राझ येथे १९५९ साली हाफलिंगर आणि १९७१ साली पिंट्सगाउअर या हलक्या लष्करी गाड्या उत्पादनात आणल्या. दोन्हींच्या पोटाखाली वडिलांचीच नळी आणि झुलते आस होते.

हान्स लेडविंका यांच्यावरील ठपका झेक न्यायव्यवस्थेने १९९२ साली पुसून टाकला. त्यांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.