तारेच्या कुंपणातून मेसेज पाठवणारा पोरगा

दारव्ह्याच्या बसस्टँडवर फोनला फुल रेंज दिसते, तरी रील गोल-गोल फिरत बसते. असं का होतं, हे क्लॉड शॅननने १९४८ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा तो होता फक्त ३२ वर्षांचा!

शॅनन ३० एप्रिल १९१६चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. वाढला गेलॉर्डमध्ये, म्हणजे आपल्या दारव्ह्याहूनही छोट्या गावात. तिथे या पठ्ठ्याने शेताच्या काटेरी तारेतून मित्राच्या घरापर्यंत टेलिग्राफ जोडला होता, सुमारे अर्धा मैल. पुढे इंजिनिअरिंग आणि गणित, दोन्ही डिग्र्या. १९४१पासून बेल लॅब्स. तिथल्या कॉरिडॉरमध्ये तो एकचाकी सायकल चालवायचा. (आपल्याकडे एचओडींनी काय केलं असतं, विचार करा.)

१९४८च्या पेपरमध्ये त्याने सिद्ध केलं, की तार असो वा हवा, सेकंदाला किती माहिती बिनचूक जाईल याला पक्की मर्यादा असते. ती ठरते दोन गोष्टींवर: लहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, किती रुंद आणि सिग्नल गोंगाटापेक्षा किती जोरात. यातली ताकद मोठी कंजूष. सिग्नल आधीच दणकट असेल, तर ती दुप्पट करूनही दर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम एक बिट वाढतो. फोनवरच्या दांड्या फक्त ताकद दाखवतात. तोच पट्टा किती जण वाटून घेतायत, शेजारच्या टॉवरचा किती गोंगाट मिसळतोय, हे त्या सांगत नाहीत. एकाच वाटेवर दोघं एकदम बोलले तर काय, यावरही शॅननने १९६१मध्ये लिहिलं.

मग जास्त स्पीड आणायची कुठून? इथे आपलं पुणं येतं. पुण्यात जन्मलेले, तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले थॉमस कैलाथ १९५७ला एमआयटीत गेले. शॅनन तिथे वर्षभर आधीच प्राध्यापक झाला होता. पुढे स्टॅनफर्डला कैलाथ आणि भारतीय नौदलातून निवृत्त झालेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनी १९९२मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आयडिया भन्नाट होती: दोन्ही टोकांना अनेक अँटेना लावा आणि त्याच पट्ट्यातून एकाच वेळी वेगवेगळा डेटा सोडा. भिंतींवर आपटून लहरींच्या वाटा वेगळ्या होतात, गणिताने त्या सुट्या करता येतात. दोन्हीकडे चार-चार अँटेना असतील आणि वाटा पुरेशा वेगळ्या असतील, तर क्षमता जवळपास चौपट! शॅननचा नियम मात्र प्रत्येक वाटेवर तसाच लागू.

१९९४ला पेटंट मिळालं, तोवर शॅननला अल्झायमर जडला होता. २४ फेब्रुवारी २००१ला तो गेला. अनेक अँटेनांचे वाय-फाय राऊटर घरोघरी आले, ते त्यानंतर.