न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमावर क्षेत्र माहुली हें गांव आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं सहलीच्या निमित्तानें तेथील देवळें व घाट पाहिले असतील. परंतु पेशवाईंतील विख्यात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच गांवचे, ही गोष्ट घाट उतरतांना क्वचितच कोणाच्या ध्यानीं येते.

रामशास्त्री लहानपणींच पितृसुखास मुकले आणि त्यांचें बाळपण विद्येवांचून गेलें. साताऱ्यांत अनगळ नांवाच्या सावकाराच्या घरीं ते शागीर्द म्हणून राहिले. एके दिवशीं धन्याच्या पायांवर पाणी घालीत असतां त्यांची दृष्टि त्याच्या कानांतील मोत्यांवर खिळली. धनी कांहीं टोंचून बोलला, तें या मुलाच्या जिव्हारीं लागलें, अशी आख्यायिका आहे. विद्यार्जनाचें वय उलटून गेल्यावर त्यांनीं काशीची वाट धरली व बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशीं धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. आमच्या वर्गांत एक वर्ष मागें राहिल्यामुळें खिन्न होणाऱ्या मुलांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें ते पेशव्यांच्या पदरीं शास्त्री म्हणून राहिले व १७५९ सालीं पुण्याचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळीं बहुतेक दिवाणी तंटे पंचायतीपुढें चालत. निवाडा मान्य करूं, असा राजीनामा वादी व प्रतिवादी यांजकडून आधीं लिहून घेत आणि त्यासाठीं जामीनही मागत. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. रयतेच्या आपसांतील कज्जांस ही व्यवस्था बऱ्यापैकीं पुरत असे. पण राज्यकर्त्यानेंच अन्याय केला तर दाद कोठें मागावी? इंग्लंडांत १७०१ च्या कायद्यानें न्यायाधीशांस राजाच्या लहरीपासून संरक्षण मिळालें होतें. पुण्यांत तसें कांहींच नव्हतें. न्यायाधीश हा पेशव्यांचा वेतनदार नोकर. त्यास नेमणें व काढणें सर्वस्वीं त्यांच्या मर्जीवर असे.

थोरले माधवराव १७६१ सालीं अवघ्या सोळाव्या वर्षीं पेशवे झाले. ते कांहीं काळ जपतपांत इतके रमूं लागले कीं, राज्याचीं कामें खोळंबलीं. एकदां रामशास्त्री कामानिमित्त गेले असतां पेशवे ध्यानस्थ दिसले. शास्त्री मुकाट्यानें परतले आणि दुसऱ्या दिवशीं काशीस जाण्याची सिद्धता करून निरोप मागण्यास हजर झाले. कारण विचारतां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, ब्राह्मणाचें कर्म करणें असेल तर गादी सोडून गंगातीरीं बसावें. राज्य हातीं घेतलें आहे तर प्रजेचें हित पाहणें हेंच कर्तव्य होय. माधवरावांनीं तो उपदेश मानला. सांगणारा निर्भय तसा ऐकणाराही थोर, असें येथें म्हटलें पाहिजे.

पुढील प्रसंगीं ऐकणारा तसा नव्हता. माधवराव १७७२ सालीं निवर्तले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं या अठरा वर्षांच्या तरुणाचा वध केला. प्राणभयानें तो चुलते रघुनाथराव यांजकडे धांवला होता. तेथेंच तो मारला गेला. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं रघुनाथरावांस!

ज्याच्यावर संशय तोच धनी, आणि चौकशी करणारा त्याचाच नोकर. असें असतांही रामशास्त्र्यांनीं सुमारें दीड महिना शोध केला. गारद्यांचा नायक सुमेरसिंग यास रघुनाथरावांनीं दिलेला हुकूम उघडकीस आला. मूळ हुकूम पुतण्यास धरण्याचा होता; एका अक्षराच्या फेरानें तो मारण्याचा झाला. हा फेर आनंदीबाईंनीं केला, असा लोकप्रवाद आहे. न्यायनिष्ठ मनुष्यास येथें दोन बाजू संभाळाव्या लागतात. आरोपीनें जेवढें केलें त्याहून अधिक त्याच्या माथीं मारूं नये, आणि जेवढें केलें त्यांतून त्यास सुटूंही देऊं नये. धरण्याचा हुकूम आपणच दिला, हें रघुनाथरावांनीं कबूल केलें व प्रायश्चित्त विचारलें. देहान्त प्रायश्चित्तावांचून या पातकास दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें शास्त्र्यांनीं त्यांच्या तोंडावर सांगितलें. तुम्ही अधिकारावर असाल तोंवर मी चाकरी करणार नाहीं व पुण्यांत पाऊलही ठेवणार नाहीं, असें बजावून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

रघुनाथरावांस ती शिक्षा कधींच झाली नाहीं; न्यायाधीशापाशीं फौज नसते. परंतु राज्यांतील सर्वांत वजनदार न्यायाधीशानें चाकरी सोडली, ही वार्ता लपणारी नव्हती. थोड्याच महिन्यांत सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति बारभाईंनीं रघुनाथरावांस दूर सारलें आणि १७७४ सालीं रामशास्त्र्यांस सन्मानानें परत आणलें.

त्यांची राहणी अगदीं साधी होती. एका दिवसास पुरेल त्याहून अधिक शिधा घरांत ठेवावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. सरकारी दक्षिणा वांटतांना त्यांचे सख्खे बंधु समोर आले. नानांनीं वीस रुपये सुचविले असतां शास्त्र्यांनीं इतरांप्रमाणें दोनच दिले आणि भावास कांहीं द्यावयाचें तें मी घरीं आपल्या पदरचें देईन, असें सांगितलें, अशी कथा आहे.

आजच्या सांगली जिल्ह्यांतील तासगांवचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांची कन्या अगदीं कोंवळ्या वयांत विधवा झाली. तिचा पुनर्विवाह करावा काय, हा प्रश्न भाऊंनीं शास्त्र्यांपुढें ठेवला व त्यांनीं अनुकूल मत दिलें, असें परंपरा सांगते. लोकमताच्या धाकानें तो विवाह झाला नाहीं. शनिवारवाड्यांतील धन्यापुढें न डगमगलेल्या शास्त्र्यांचा शब्द येथेंही सत्य असून निष्फळ ठरला, आणि त्या मुलीचें सारें आयुष्य वैधव्यांत गेलें.

रामशास्त्री १७८९ च्या ऑक्टोबरांत निवर्तले. १९४४ सालीं प्रभात कंपनीनें त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला. घरांतील वडील मंडळींस विचारल्यास त्याची आठवण अजूनही कोणी सांगेल.