विल्यम लॅम्बटन

त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन बाजू न मोजताही काढता येतात. शाळेत शिकलेल्या अशा सिद्धान्तांचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे पुष्कळांना वाटते. दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्बटन यांनाही असाच प्रश्न विचारला गेला होता.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. सैन्यात नोकरी करीत असतानाच त्यांनी गणित व खगोलशास्त्र यांचा व्यासंग केला. १७९९ साली म्हैसूरजवळील श्रीरंगपट्टणच्या युद्धात त्यांची तुकडी एका रात्री वाट चुकून टिपू सुलतानाच्या छावणीकडे निघाली होती. लॅम्बटन यांनी ताऱ्यांवरून ती चूक ओळखली आणि तुकडी परत फिरली.

युद्धानंतर त्यांनी म्हैसूरच्या प्रदेशातून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांच्या साखळीने मोजणी करण्याची योजना मांडली. पृथ्वीचा नेमका आकार शोधणे हाही तिचा हेतू होता. मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्याला हा खर्च व्यर्थ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे असेल, तर पालखीच्या भोयांना सांगितले म्हणजे पुरे, असे त्याचे म्हणणे होते. तरीही योजनेला मान्यता मिळाली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा साखळीने मोजण्यास आरंभ झाला. पुढचे काम मुख्यतः कोन मोजण्याचे होते. त्यासाठीचे थिओडोलाइट हे यंत्र सुमारे ५०० किलो वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्बटन यांनी स्वतः तंबूत बसून, सुमारे सहा आठवडे खपून ते दुरुस्त केले.

ताप, ऊन, पाऊस यांना तोंड देत त्रिकोणांची ही साखळी दक्षिण टोकाकडून विदर्भापर्यंत आली. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

त्यांचे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. पुढे याच मोजणीच्या आधारे राधानाथ सिकदार यांनी जगातील सर्वोच्च शिखराची उंची गणिताने काढली. इंग्रजांना हे नकाशे राज्यकारभारासाठी हवे होते, हे खरे. परंतु रस्ते, कालवे व लोहमार्ग यांची आखणी करतानाही ते उपयोगी पडले. पृथ्वीच्या आकाराचे अचूक ज्ञान नसते, तर आज भ्रमणध्वनीवर आपले ठिकाणही नेमके कळले नसते.

भोयांना पायाखालची वाट ठाऊक होती, यात शंका नाही. पण जेथे वाटच नसते, तेथे नवी वाट आखण्यासाठी गणित लागते. लॅम्बटन यांनी आपले आयुष्य त्यासाठीच वेचले.