काळजी खरी, कागद खोटा! आगरकरांवरची केस

समजा, कॉलेज करता करता तुम्ही काहीतरी सुरू केलंय. न्यूज पेज, यूट्यूब चॅनल, छोटासा ब्रँड. आणि एक दिवस वकिलाची नोटीस येते. हात थरथरतात ना? पोस्ट डिलीट करावी, फोन बंद ठेवावा, सगळं पार्टनरवर ढकलावं, असं वाटतं. पण 26 वर्षांच्या एका संपादकाने अशा वेळी काय केलं, ते आधी वाचा.

गोपाळ गणेश आगरकर. जन्म 14 जुलै 1856, कराडजवळचं टेंभू. घरची परिस्थिती इतकी बेताची की, डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. तोच रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. एम.ए. झाल्यावर चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ती वाट सोडून ते चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला गेले. जानेवारी 1881 मध्ये या मित्रांनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. 'केसरी' आगरकरांकडे, 'मराठा' टिळकांकडे.

लवकरच कोर्टाची पायरी चढायची वेळ आली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ होतोय अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका येईल अशी पत्रं मिळाली आणि त्यांच्या भरवशावर दोन्ही पेपरांनी लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. आणि पत्रं निघाली बनावट!

अडचण एकच नव्हती. ऐन खटल्यात, मार्च 1882 मध्ये, चिपळूणकर गेले. जामीन हवा होता 10 हजारांचा. तो दिला महात्मा फुले यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी. याच फुल्यांवर चिपळूणकरांनी बोचरी टीका केली होती, हे लक्षात घ्या. मतभेद असले तरी माणसं तोडायची नसतात, ती अशी.

पत्रं खोटी आहेत हे कळल्यावर आगरकर-टिळकांनी हेका धरला नाही, दिलगिरी व्यक्त केली. तरी खटला मागे घेतला गेला नाही. 17 जुलै 1882 ला चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांच्या वाढदिवसाला तीनच दिवस झाले होते!

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस गेले. दोघे मित्र रात्री तावातावाने वाद घालायचे. आगरकरांनी तिथे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर हाती घेतलं. इकडे सहकाऱ्यांनी 'केसरी' बंद पडू दिला नाही. सुटल्यावर दोघांचं जंगी स्वागत झालं आणि 1885 मध्ये याच मंडळींनी फर्ग्युसन कॉलेज उभं केलं.

आता खरी मेख. 1883 च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरला देखरेखीखाली असतानाच महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे 'केसरी'ची काळजी खोटी नव्हती, हातातला कागद खोटा होता. आणि कोर्ट कागद बघतं. म्हणून पोस्ट टाकण्याआधी पुरावा तपासा. नोटीस आलीच, तर गप्प बसू नका. वकील गाठा, कागद जपून ठेवा, चूक असेल तर वेळेत कबूल करा आणि काम चालू ठेवा.

आगरकर या केसनंतर घाबरून गुळमुळीत लिहायला लागले का? अजिबात नाही. टिळकांशी पटेना तेव्हा 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. ती थांबली 17 जून 1895 ला, दम्याने, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी.